न लागणारा फॉर्म

दुकानात बंदुका ठेवणं मी का बंद केलं, असं लोक अजून विचारतात. मी म्हणतो, "कागदपत्रांचा कंटाळा आला." लोक लगेच मान डोलावतात. आमच्या टॅमरॅक गावात सरकारी कागदाला शिव्या देणारा माणूस कधी एकटा पडत नाही. आणि ते तसं खोटंही नाही. फक्त त्यात आर्नीचं नाव येत नाही, आणि आर्नीचं नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

आर्नी सारेला माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, मार्लिसचा, थोरला भाऊ. एकतीस वर्षं त्याने लोखंडाच्या खाणीत मातीचे डोंगर वाहणारा ट्रक चालवला. त्यातल्या शेवटच्या वर्षी ट्रक बर्फावरून घसरून खड्ड्यात गेला आणि आर्नीच्या कण्यात दोन स्क्रू बसले. मग डॉक्टरांनी वेदनेच्या गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांवर त्याने अकरा वर्षं काढली. माणूस घरात असून नसल्यासारखा झाला. जेवताना काटा हातात धरून झोपायचा. बायको एलेन गेली, तेव्हा तिच्या अंत्यविधीला तो पहिल्या रांगेत बसून पेंगला. नंतर त्याची मुलगी ट्रूडी बाहेर पार्किंगमध्ये उभी राहून रडत होती. ती आईसाठी रडत नव्हती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

मग एका डॉक्टरणीने त्याला गांजाच्या अर्काचे थेंब दिले. आमच्या मिशिगनमध्ये त्यासाठी कार्ड मिळायचं, पुढे तर ते सगळ्यांनाच मोकळं झालं. आर्नी सकाळी चार आणि झोपताना सहा थेंब जिभेखाली घ्यायचा. सहा महिन्यांत त्याच्या त्या गोळ्या सुटल्या. माणूस परत आला. पाठ दुखायचीच, पण दुखणाऱ्या पाठीसकट तो जिवंत होता. शनिवारी सौना, म्हणजे घामाघूम करणारी वाफेची खोली, पेटवायला लागला, आणि तेच ते जुने विनोद, शेवट आधी सांगून टाकत, परत सांगायला लागला. मार्लिस म्हणायची, "माझा भाऊ परत दिला त्या बाटलीने."

आणि माणूस कसा, तर सरळ. नको इतका सरळ. एकदा तलावावरून मासे घेऊन घरी गेला, मोजले, तर कायद्याने ठरलेल्या पाचाच्या जागी सहा निघाले. पठ्ठ्याने स्वतः वनरक्षकाला फोन केला आणि दंड भरून आला. त्यानंतर गावात कुठेही जेवायला बसला की कोणीतरी ओरडायचंच, "आर्नी, मोजून खा रे!" तोही हसायचा.

मी तसा नाही. माझ्या पलंगाशेजारच्या खणात मोज्यांच्या खाली एक पत्र्याची डबी असायची. तिच्यात जेलीच्या गोळ्या, संत्र्याच्या चवीच्या, प्रत्येकीत थोडा गांजा. रोज झोपायच्या आधी एक. माझं काही दुखत नव्हतं. मला फक्त झोप येत नव्हती. आमच्याच गावात त्याचं दुकान आहे, पण मी चाळीस मैल लांब जायचो, टोपी डोळ्यांवर ओढून. कारण राज्याने गांजा मोकळा केला असला तरी देशाच्या कायद्यात तो गुन्हाच होता, आणि गांजा घेणाऱ्याने बंदूक बाळगली तर दहा वर्षांपर्यंतचा तुरुंग. बाळगणं म्हणजे विकत घेणंच असं नाही. घरात असली, हातात घेतली, तरी पुरे. आणि मी तर बंदुका विकणारा. दर तीन वर्षांनी परवाना नवा करताना मला विचारायचे, गांजा घेता का? दोनदा मी "नाही" वर खूण करून खाली सही ठोकली होती. दोन्ही वेळा डबी त्याच खणात होती.

माझं दुकान केस्टिला हार्डवेअर म्हणजे खिळे, रंग, नळ, माशांचं आमिष, आणि मागच्या भिंतीला बंदुका. दुरुस्तीही मीच करायचो. दोन हजार एकवीसच्या ऑगस्टमध्ये केंद्राकडून तपासणीला एक बाई आल्या. तरुण, अगदी मऊ बोलणाऱ्या. दोन दिवस मागच्या टेबलावर बसून त्यांनी माझी कॉफी प्यायली आणि पाच वर्षांचे फॉर्म चाळले. अकरा चुका निघाल्या. कुठे परगण्याचं नाव राहिलेलं, कुठे तारीख. महिन्याने पत्र आलं: पुन्हा असं आढळलं तर परवाना जाईल. पत्रात गांजाचा शब्दही नव्हता. पण चोराच्या मनात चांदणं. अनोळखी नंबराची गाडी दारात थांबली की मी तिच्याकडेच बघत बसायचो, आणि गिऱ्हाईक दोनदा "अहो" म्हणायचं.

तेव्हापासून मी एकच केलं. दुकानाच्या दारातून बंदूक बाहेर जाणार असेल, तर फॉर्म. नवी असो, जुनी असो, दुरुस्तीची असो, फॉर्म. कोणी कुरकुर केली की मी म्हणायचो, "नियम आहे." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर पाणीसुद्धा फुंकत होतो.

ऑक्टोबरात आर्नी आपल्या वडिलांची रायफल घेऊन आला. उर्हो सारेलांनी ती अठ्ठेचाळीस साली घेतली होती. खालच्या दांड्याने गोळी चढवायची जुनी तऱ्हा. जिथे म्हाताऱ्याचा डावा हात बसायचा तिथलं लाकूड गुळगुळीत आणि काळं झालेलं, आणि आर्नीचा हात बरोबर त्याच खळग्यात बसायचा. आत घोड्याची टाचणी मोडली होती.

"पंधरा तारखेच्या आत पाहिजे," तो म्हणाला.

"आजवर कधी उशीर केलाय?"

"लग्नाला. माझी बहीण चर्चमध्ये वीस मिनिटं ताटकळली होती."

पंधरा नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. शाळांना सुट्टी असते. त्याआधीच्या रविवारी पाद्रीसाहेबसुद्धा प्रवचन आवरतं घेतात. उर्होंनी जंगलात एका खोलीचा कॅम्प बांधला होता, चूल, चार बाकं आणि बाजूला सौना. तिथे मी आणि आर्नी चाळीस वर्षं जात होतो. नुसत्या शिकारीसाठी गेलो असतो तर केव्हाच कंटाळलो असतो, कारण दोन वर्षांतून एकदा हरीण मिळायचं. पण त्या गोळ्यांच्या काळातही आर्नीने हा एक दिवस चुकवला नव्हता. "वर्षभर मी कोणाचा तरी आजारी बाप असतो," तो एकदा म्हणाला होता. "त्या दिवशी मी उर्होचा मुलगा असतो."

तेरा तारखेला, शनिवारी, तो रायफल न्यायला आला. दुकानात दक्षिणेकडच्या, मोठ्या पुलापलीकडच्या शहरांमधून आलेल्या शिकाऱ्यांची गर्दी. सगळ्यांना हातमोजे हवेत, नारिंगी टोप्या हव्यात, आणि हरीण कुठे मिळेल तेही फुकटात हवं. गर्दीत एक माणूस मात्र काही घेत नव्हता. स्वच्छ खाकी जाकीट, हातात वही. तो गल्ल्याजवळ उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी मनात म्हटलं, आला. बाईंनी दुसरा पाठवला.

आर्नीने रायफल उचलली, दांडा खालीवर केला, कान देऊन आवाज ऐकला आणि लहान मुलासारखा हसला. "बाबा खूश होतील," म्हणाला, आणि दाराकडे वळला.

"थांब," मी म्हणालो. आवाज मुद्दाम मोठा केला, खाकी जाकिटाला ऐकू जावा म्हणून. "फॉर्म भरायचाय."

"कसला? माझीच बंदूक आहे ना ही?"

"नियम आहे, आर्नी."

नियम म्हटल्यावर आर्नी कधी वाद घालायचा नाही. त्याने रायफल परत ठेवली, चष्मा लावला आणि फॉर्म वाचायला लागला. तो फॉर्म कोणी वाचत नाही. सगळे खटाखट "नाही, नाही, नाही" करत खाली सहीपर्यंत येतात. आर्नी बोट ठेवून वाचत होता. मी घड्याळाकडे, मग जाकिटाकडे, मग आर्नीच्या बोटाकडे बघत होतो. बोट एका ओळीवर थांबलं.

"व्हर्न," तो म्हणाला, "इथे काय लिहू?"

कोणत्या ओळीवर आहे ते मला न बघताच कळलं. गांजा किंवा इतर अमली पदार्थ घेता का? आणि खाली ठळक अक्षरांत: तुमच्या राज्यात परवानगी असली तरी देशाच्या कायद्याने तो गुन्हाच आहे.

त्या क्षणी मला किती गोष्टी करता आल्या असत्या! फॉर्म ओढून घेता आला असता. "अरे, दुरुस्तीच्या बंदुकीला नाही लागत, माझंच चुकलं," म्हणता आलं असतं. डोळा मारता आला असता. मी काय म्हणालो? "जे खरं असेल ते लिही."

मी! मी म्हणालो, खरं लिही.

"मग 'हो'च लिहायला लागेल," आर्नी म्हणाला. "तुला तर माहीतच आहे. मार्लिसच मला बाटली आणून देते कधीकधी." आणि त्याने "हो" वर व्यवस्थित खूण केली, खाली सही केली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. मागे रांगेत कोणीतरी हळूच शीळ घातली.

मी फॉर्म वाचल्याचं नाटक केलं. मग म्हणालो, "आर्नी, ही तुला नाही देता येणार."

"केव्हा देता येईल?"

"म्हणजे... तू थेंब घेतोयस तोवर नाही. आता मला माहीत झालंय ना. माहीत असताना दिली तर मी गुन्हेगार."

तो माझ्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता. समजून घेत होता. मग विचारलं, "आणि घरी तीन आहेत त्या?"

"त्याही नाही," मी म्हणालो. "कायद्याने नाही."

"असं होय," आर्नी म्हणाला. "चार वर्षं मला हे ठाऊकच नव्हतं. बरं झालं तू सांगितलंस." आणि तो रायफल गल्ल्यावर तशीच ठेवून, एका हाताने पाठ धरून निघून गेला.

खाकी जाकीट पुढे आलं. त्याला तळघरातलं पाणी उपसायच्या पंपाची नळी हवी होती, सव्वा इंची. वहीत माप लिहून दिलं होतं. बायकोने.

दुकान बंद केल्यावर मी नियमांचं पुस्तक काढलं. कशासाठी काढलं कोण जाणे. कदाचित स्वतःची पाठ थोपटायला. पान उघडलं तर ते वाक्य समोरच होतं: दुरुस्तीला आलेली बंदूक ज्याची त्यालाच परत देताना फॉर्म लागत नाही. त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती. बारा-तेरा वर्षांपूर्वी परवाना घेतला तेव्हा मीच मारलेली. मला ते माहीत होतं. घाबरून मी स्वतःचीच रेघ विसरलो होतो.

घरी गेलो आणि मार्लिसला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती, ती पुसतच राहिली. मग म्हणाली, "त्याला जाऊन सांग."

"काय सांगू? फॉर्म लागत नव्हता हे सांगू? आता सांगून उपयोग काय? 'हो' तर लिहून गेला. चारचौघांत बोललाय. आता ते पुसता येतं का?"

"मग ते खणातलं सांग."

"वेडी आहेस का? परवाना जाईल. दुकान जाईल."

"तो कोणाला सांगणार आहे?"

"आर्नी? त्याने स्वतःच्या माशाची तक्रार केली होती!"

त्या दिवसापासून माझे मोजे मार्लिसने त्या खणात ठेवणं बंद केलं. खुर्चीवर ठेवायची.

सोमवारी पंधरा तारीख होती. ट्रूडी आदल्या दिवशीच बापाच्या तिन्ही बंदुका आपल्या घरी घेऊन गेली होती. मला दुकानात गाठून म्हणाली, "व्हर्नकाका, तुम्ही घरचे ना? एक शब्द तरी हळू बोलायचात." मी नियमाचं काहीतरी पुटपुटलो. कॅम्पवर मी एकटा गेलो. आर्नीने माझ्यासाठी पॅस्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या भल्यामोठ्या करंज्या, करून पाठवल्या होत्या, नेहमीसारख्या चार, त्यातल्या दोन त्याच्या वाटणीच्या. त्याही मीच खाल्ल्या.

मला वाटलं होतं, तो रुसेल, दोन महिने येणार नाही आणि मग प्रकरण विरून जाईल. तसं झालं असतं तर बरं होतं. डिसेंबरात तो दुकानात आला आणि म्हणाला, "व्हर्न, तू म्हणालास ना, थेंब घेतोय तोवर नाही. मग नाही घेतले तर?"

"वर्षभर तरी घेतलेले नसावेत. पण आर्नी, तुझी पाठ..."

"वर्षभर ना? त्या तेरा तारखेपासून थेंब बंदच आहेत, तिथूनच मोजतोय."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि एका गिऱ्हाइकाने रंगाचा डबा मागितला. मी डबा द्यायला गेलो. मुद्दाम सावकाश गेलो. परत येईपर्यंत आर्नी निघून गेला होता.

फेब्रुवारीपर्यंत त्याने नुसतं दात-ओठ आवळून काढलं. मार्चमध्ये डॉक्टरांकडे गेला आणि जुन्या गोळ्या परत सुरू झाल्या. त्या कायदेशीर, चिठ्ठीवर मिळणाऱ्या. त्यांच्याबद्दल फॉर्मवर कोणी प्रश्न विचारत नाही. मे महिन्यात सौना बंद झाली. जुलैत मार्लिसच्या वाढदिवसाला तो आला, केक समोर घेतला आणि झोपला. ट्रूडीने त्याच्या हातातला काटा काढून घेतला, अगदी हळू, जुन्या सवयीने. मार्लिसने टेबलापलीकडून माझ्याकडे बघितलं. मी केक खात होतो. दुसरं काय करणार होतो? रोज ठरवायचो, उद्या सांगू. आणि रोज झोपायच्या आधी एक संत्र्याची गोळी तोंडात टाकून शांत झोपायचो. त्याची जाग मी घालवली होती आणि माझी झोप विकत घेत होतो.

पुढच्या नोव्हेंबरात, तेरा तारखेलाच, आर्नी आला. वर्षभरात दहा वर्षांनी म्हातारा झालेला. गालफडं बसलेली, बोलताना जीभ जड. "फॉर्म दे," म्हणाला.

त्याचीच बंदूक, माझ्याकडे दुरुस्तीला आलेली. फॉर्म तेव्हाही लागत नव्हता. पण तसं म्हटलं तर आदल्या वर्षीचं उघडं पडलं असतं. म्हणून मी दुसऱ्यांदा तो त्याच्या हातात दिला. पहिल्यांदा निदान भीतीने दिला होता. या वेळी तर पूर्ण शुद्धीवर दिला. तो बोट ठेवून वाचत गेला. त्या ओळीवर आला आणि "नाही" वर खूण करताना माझ्याकडे बघून हसला, परीक्षा पास झालेल्या पोरासारखा. मी रायफल त्याच्या हातात दिली तेव्हा तिच्या वजनाने त्याचा हात खाली गेला.

पंधराला पहाटे आम्ही कॅम्पपासून अर्ध्या मैलावरच्या खोपटीत बसलो. प्लायवुडची पेटीच ती, पुढे फट, आत दोन खुर्च्या. ताजा बर्फ पडला होता. आर्नीने रायफल मांडीवर घेतली, हात त्या खळग्यात ठेवला आणि म्हणाला, "आलो बुवा." दहा मिनिटांत त्याची हनुवटी छातीवर आली.

साडेआठच्या सुमाराला देवदारांमधून एक नर बाहेर आला. मोठा, आठ टोकांच्या शिंगांचा. पन्नास पावलांवर, आडवा, मान वळवून उभा. चाळीस वर्षांत असा आमच्यासमोर दोनदाच उभा राहिला असेल. मी आर्नीच्या खांद्याला हात लावला. "आर्नी." हलवलं. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, पण त्या नजरेत मी नव्हतो, जंगल नव्हतं, काही नव्हतं. "एलेन, आलोच," म्हणाला आणि डोळे मिटले. हरीण बराच वेळ उभं राहिलं. मग सावकाश, काही घाई नसल्यासारखं, निघून गेलं.

माझी बंदूक माझ्या हातात होती. मी ती उचलली नाही. मला तिथे हुंदका आला, लाज वाटेल इतका मोठा. आर्नी जागा झाला नाही.

तो उठला तेव्हा अकरा वाजून गेले होते. त्याने फटीतून बाहेर बघितलं, बर्फात खुरांची रांग बघितली. "झोपलो होतो?"

"हो."

"मोठा होता?"

"आठ टोकांचा."

"मारला का नाहीस तू?"

आणि मग मी सांगितलं. खुरांकडे बघत सांगितलं, त्याच्याकडे बघायची माझी छाती नव्हती. फॉर्म लागत नव्हता. पुस्तकातली पेन्सिलीची रेघ. खाकी जाकीट, पंपाची नळी. मोज्यांखालची डबी, चाळीस मैलांवरचं दुकान, परवान्यावरच्या दोन सह्या. परवा दिलेला दुसरा फॉर्म. सगळं एका दमात. सांगून झाल्यावर पॅस्टीची पुडी उघडली आणि तशीच बंद केली.

आता हा पुन्हा झोपला की काय, असं मला वाटलं. पण तो टक्क जागा होता.

"लागतच नव्हता?" त्याने विचारलं.

"नाही."

"आणि तू रोज?"

"रोज एक."

"मार्लिसला माहीत आहे?"

"आहे. ती वर्षभर म्हणतेय, सांग म्हणून."

त्याने हातमोजा काढला, डोळे पुसले, परत घातला. "मी तुला विचारलं होतं, व्हर्न," तो म्हणाला. "इथे काय लिहू, म्हणून विचारलं होतं. माझं काही अडलं नव्हतं, खूण कुठे करायची ते मला कळत होतं. तू माझा माणूस म्हणून विचारलं."

मी पॅस्टीची पुडी खिशात कोंबली.

त्याने रायफलीचा दांडा ओढून एकेक काडतूस बाहेर काढलं आणि खिशात टाकलं. मग भिंतीला धरून उभा राहिला. उभं राहायलाच त्याला मिनिटभर लागलं. "आज झोपताना मी थेंब घेणार," म्हणाला. "सहा. त्याआधी बाबांची ही बंदूक ट्रूडीकडे ठेवायची. चल."

मी घाईघाईने उठलो. "दे, मी घेतो. तुझी पाठ आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावर तो सहाव्या माशाच्या वेळचा भाव आला, मोजून झाल्यावरचा.

"तुला कशी देऊ?" आर्नी म्हणाला. "तू तर गांजा घेतोस. मला आता माहीत आहे."

"आर्नी, लेका, थट्टा नको करू."

"थट्टा नाही करत." त्याने हात पुढे केला. "तुझीही दे इकडे."

"अरे, अर्धा मैल आहे! बर्फ आहे!"

"दे."

मी दिली. त्याने तीही रिकामी केली, एक पट्टा उजव्या खांद्यावर घेतला, एक डाव्या, आणि वाकून खोपटीच्या बाहेर पडला. त्या जंगलात बंदुकीला कायद्याने हात लावू शकणारा तो एकटाच माणूस होता, आणि त्याच्या कण्यात दोन स्क्रू होते.

मी त्याच्या मागून चालत होतो, हात रिकामे. गाडीपर्यंत तो तीन वेळा थांबला, झाडाला टेकला, श्वास घेतला. तिन्ही वेळा मी हात पुढे केला. तिन्ही वेळा त्याने नुसती मान हलवली आणि दोन्ही पट्टे पुन्हा खांद्यावर सारखे केले.